घरी काढलेले रक्त आणि वडिलांकडून आलेला आकडा

माझे वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात कामाला होते आणि वयाच्या ५१व्या वर्षी, पाळीवर असतानाच, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. जवळच्या रक्ताच्या नात्यातील पुरुषाला ५५च्या आत किंवा स्त्रीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर पुढच्या पिढीचा धोका वाढलेला धरतात, हे ठाऊक असूनही ४४ वर्षांचा होईपर्यंत मी एकदाही रक्त तपासले नव्हते.

सुरुवात मी बोटाला टोचून कोलेस्टेरॉल सांगणाऱ्या छोट्या यंत्रापासून केली. थेंब पुरेसा येईना म्हणून बोट जोरात पिळले आणि एकूण कोलेस्टेरॉल १७१ आले. मला हायसे वाटले, पण पत्नीला ते पटले नाही. तिने कोमट पाण्याने हात धुवायला लावले, हात खाली सोडून बसवले आणि बोटाच्या टोकाच्या कडेला टोचून पहिला थेंब पुसून दुसरा घेतला, तेव्हा आकडा २०६ आला. बोट पिळले की रक्तात ऊतींमधले पाणी मिसळते आणि आकडा घसरू शकतो, हे मला नंतर कळले. त्या खोट्या १७१वर मी निर्धास्त राहिलो असतो, या विचाराने आजही अस्वस्थ होतो.

मग नसेतून रक्त द्यायचे ठरवले आणि प्रयोगशाळेच्या माणसाला जुळे सोलापुरातल्या आमच्या घरीच बोलावले. पहिल्या दिवशी मी पहाटे सवयीने दुधाचा चहा घेतला होता. ते ऐकताच त्याने पेटी बंद केली, कारण ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) तपासण्यासाठी ९ ते १२ तास पोटात पाण्याशिवाय काही नको असते. त्याचा मला राग आला नाही. विचारल्याशिवाय सुई लावणारा माणूस मला नको होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला आधी पाच मिनिटे शांत बसवले, दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला नाही, पिवळ्या आणि जांभळ्या झाकणाच्या नळ्या हलकेच उलट्यासुलट्या करून त्यांवर माझ्यासमोर नाव व वेळ लिहिली आणि त्या थंड पेटीत ठेवल्या. एप्रिलच्या सोलापुरात ही पेटी मी मुद्दाम उघडून पाहिली.

रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड्स १९० आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३६ होते. यातले एलडीएल बहुधा मोजलेले नसते, तर एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून काढलेले असते, आणि ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर गेली की हे गणित चालत नाही. शरीरातला दाह दाखवणारे एचएस-सीआरपी ११ आले, तेव्हा घरात सगळेच घाबरले. पण त्या आठवड्यात मला सर्दी-ताप होता, आणि १०च्या वरचा आकडा बहुतेक वेळा अशा संसर्गाचा असतो, म्हणून डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. तेव्हा तो १.८ आला.

खरा धक्का लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा रक्तातला कण, या तपासणीने दिला: ६८. दर डेसिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमच्या वर तो धोका वाढवणारा मानतात. तो बव्हंशी आनुवंशिक असतो, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही आणि सहसा आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. डॉक्टरांनी समजावले की हा आकडा बदलता येत नाही, म्हणूनच एलडीएल आणि रक्तदाब अधिक कडकपणे आटोक्यात ठेवायचे. त्यांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू केली. रक्तवाहिनीत अडथळा आहे की नाही हे अशा रिपोर्टवरून कळत नाही आणि छातीत दुखू लागले तर घरी रक्त तपासत न बसता थेट रुग्णालय गाठायचे, हेही त्यांनी दोनदा बजावले.

त्याच संध्याकाळी पंढरपूरला ताईला फोन केला, कारण वडील तिचेही तेच होते. आधी ती म्हणाली, "मला काय झालंय?" मग बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्या तपासणीचं नाव लिहून पाठव." सोमवारी सकाळी तिचे रक्त काढणार आहेत. चहा घेऊ नकोस, हे मी तिला आदल्या रात्री पुन्हा सांगणार आहे.