कंडक्टर नसलेली बस

दिग्रस तालुक्यातील आमच्या गावातून कॉलेजला जायचे म्हणजे पांदणीने, आणि पावसाळ्यात चिखल झाला की धुऱ्याधुऱ्याने, तीन किलोमीटर चालत फाटा गाठायचा आणि एसटी दिसताच हात करायचा. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील आखेन येथे गेलो, तेव्हा पायी आणि बसने फिरणे वेगळे शिकावे लागेल असे मला वाटलेच नव्हते.

तिकिटाचा प्रश्न सोपा होता. सेमिस्टरच्या शुल्कातच विद्यार्थ्यांचे तिकीट येते. त्या वेळी ते महिना २९.४० युरो, म्हणजे सहा महिन्यांचे १७६.४० युरो पडले, आणि त्यावर देशभरातील शहर बस व प्रादेशिक रेल्वेने फिरता येते. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत मात्र ते चालत नाही.

खरी अडचण कंडक्टर नसण्याची होती. आपल्याकडे तो थांबा पुकारतो, झोपलेल्याला उठवतो, म्हाताऱ्या माणसाला उतरवून मगच डबल बेल देतो. तिथे ही सगळी कामे प्रवाशाचीच असतात. पहिल्याच आठवड्यात एका रात्री मेलाटेनला उतरायचे म्हणून मी दाराशी उभा राहिलो, पण बटण दाबले नाही. थांब्यावरही कोणी नसल्याने बस सरळ पुढे गेली आणि मला एक थांबा उलटा चालावा लागला. नंतर एकदा तपासनीस चढले, तेव्हा तिकीट ज्या मोबाइलमध्ये होते तोच बंद पडलेला होता. विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरो आहे. तिकीट माझ्याच नावाचे असल्याने नंतर ते कार्यालयात दाखवून थोडक्यात सुटलो, पण तेव्हापासून घरून निघताना आधी बॅटरी पाहतो. थांब्यावरच्या वेळापत्रकात रविवारचा रकाना वेगळा असतो, हेही थंडीत कुडकुडतच कळले.

पायी चालण्याची सवय कामी आली, तरी डोळ्यांना नवे वळण लावावे लागले. वाहने उजवीकडून चालत असल्याने रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे, आणि फुटपाथलगतच्या सायकलपट्टीवर पाय ठेवायचा नाही. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्यावर थांबायचे, विशेषतः शेजारी लहान मूल उभे असेल तर.

सुटीत गावी आलो, तेव्हा दिग्रसच्या स्टँडसमोर सवयीने आधी डावीकडेच पाहिले. उजवीकडून आलेल्या ऑटोवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि ओरडला, "कुठं पाहून राह्यला बे?"