जनुकाचं नाव म्हणजे अर्धीच माहिती

मुलाला स्वमग्नता, फिट्स किंवा बौद्धिक अडचण असली की जनुकतपासणीसाठी कुडाळ, कणकवली, चिपळूणहून त्याचं रक्त मुंबई-पुण्याच्या लॅबला जातं आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट येतो. त्यावर एका जनुकाचं नाव, पुढे अक्षरं-आकड्यांची रांग आणि कडेला ‘पॅथोजेनिक’, म्हणजे आजार घडवणारा, असा शेरा. घरातले लगेच ते नाव मोबाइलवर शोधतात आणि झोप घालवून बसतात. पण जनुकातून बनणारं प्रथिन कमी पडतंय की त्याचं काम जास्त होतंय, हे कळल्याशिवाय त्या नावाचा फारसा उपयोग नाही.

एससीएन२ए घ्या. चेतापेशीच्या आवरणात सोडियम आत घेणारं एक चॅनेल असतं, ते बनवणारं हे जनुक. बाळाच्या सुरुवातीच्या महिन्यांत हे चॅनेल ॲक्सॉनच्या, म्हणजे पेशीतून निघणाऱ्या लांब तंतूच्या, मुळाशी बसून विद्युत स्पंद सुरू करतं. पुढे त्या जागेचं बरंचसं काम एससीएन८ए या जनुकाचं चॅनेल घेतं. मग मेंदूच्या बाह्यस्तरातल्या उत्तेजक पेशींत एससीएन२एचं चॅनेल मुख्यतः पेशीच्या फांद्यांमध्ये उपयोगी पडतं. तिथे ते स्पंदाला उलटं, फांद्यांपर्यंत, पोचायला मदत करतं, आणि पेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स, पक्के व्हायला हा उलटा स्पंद लागतो.

आता बिघाड दोन तऱ्हेचा होऊ शकतो. चॅनेल जास्त चालू राहिलं, तर बाळाला बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच फिट्स येतात. चॅनेल कमी पडलं, तर जोड कच्चे राहतात, आणि स्वमग्नता, उशिरा बोलणं, बौद्धिक अडचण दिसते. फिट्स आल्याच तर उशिरा. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधं सोडियम चॅनेल दाबतात. पहिल्या प्रकारात ती चांगली लागू पडतात. दुसऱ्यात सहसा उपयोग होत नाही, उलट फिट्स वाढूही शकतात. म्हणून पहिली फिट नेमक्या कितव्या आठवड्यात आली, हे वहीत लिहून ठेवा आणि जमल्यास व्हिडिओ काढा. न्यूरॉलॉजिस्टला रिपोर्टाइतकीच ती तारीख लागते. मात्र चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर फिट्सचा जोर वाढतो.

शँक३ या जनुकाचं काम वेगळं. गणपतीवर टांगलेल्या माटवीच्या पट्ट्या फळं-भाज्या जागेवर धरतात, तसं हे प्रथिन उत्तेजक सिनॅप्सच्या घेणाऱ्या बाजूला रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारी प्रथिनं, जागेवर धरून ठेवतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक गेली की प्रथिन निम्म्यावर येतं आणि निरोप पुरेसा पोचत नाही. बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाचा तुकडा गळाल्याने होणाऱ्या फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोममध्ये मुख्य कारण हेच. मग प्रथिन वाढवलं की झालं, असं वाटेल. तसं नाही. उंदरांत शँक३ जास्त झाल्यावरही वागणं बिघडतं. एमईसीपी२ या जनुकाचीही तीच कथा: कमी पडलं की रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा आजार, दुप्पट झालं की वेगळाच आजार. जनुक-उपचाराच्या जाहिरातींना भुलण्याआधी हे लक्षात असू द्या.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १०२ जनुकांचा स्वमग्नतेशी संबंध दिसला. त्यातली निम्म्याहून अधिक सिनॅप्समध्ये नाहीत. ती पेशीच्या केंद्रकात बसून इतर जनुकं कधी आणि किती चालवायची ते ठरवतात. सीएचडी८ त्यातलं. हे अर्धं पडलं की पुष्कळ मुलांत डोक्याचा घेर मोठा असतो आणि चिवट बद्धकोष्ठता असते. आतड्यालाही स्वतःच्या चेतापेशी असतात. २०२२मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूपेशींच्या छोट्या पुंजक्यांवर सीएचडी८, एआरआयडी१बी आणि एसयूव्ही४२०एच१ ही तीन जनुकं तपासली गेली. तिन्हींत काही पेशींच्या तयार होण्याचं वेळापत्रक चुकलं. मूळ पेशी कुणाच्या होत्या, त्यावर परिणामाचा जोर बदलला. एकच बदल असलेली दोन मुलं सारखी का दिसत नाहीत, त्याचा एक धागा इथे आहे.

एफएमआर१ हे फ्रॅजाइल एक्स आजाराचं जनुक. त्याचं प्रथिन सिनॅप्सजवळच्या प्रथिननिर्मितीला ब्रेक लावतं. ते नसलं की निर्मिती सुटते. त्यावर उपाय म्हणून एमग्लूआर५ रिसेप्टर दाबणारी औषधं उंदरांत छान चालली, माणसांवरच्या चाचण्यांत अपेक्षा पुरी झाली नाही. उंदरांवरच्या बातम्या त्यामुळे जपून वाचाव्यात.

यावरून तपासणीकडे. साधी एक्झोम चाचणी, म्हणजे जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचणारी चाचणी, एफएमआर१मधल्या ‘सीजीजी’ या तीन अक्षरांच्या पुनरावृत्त्या मोजत नाही. २००च्या वर गेल्या की आजार, पण ते कळायला वेगळी चाचणी मागावी लागते. गुणसूत्रांचे गळालेले तुकडे मायक्रोॲरे या चाचणीत दिसतात. बाविसाव्याचं टोक गळालेलं आढळलं तर कॅरिओटाइपही, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांचा आकार पाहणारी चाचणी, करा, कारण ते गुणसूत्र अंगठीसारखं वळलेलं असलं तर एनएफ२ प्रकारच्या, म्हणजे मज्जातंतूंवर आणि मेंदूच्या आवरणावर येणाऱ्या, गाठींवर लक्ष ठेवावं लागतं. मुलाबरोबर आईवडिलांचेही नमुने द्या, म्हणजे बदल नव्याने झाला की वारशाने आला ते कळेल. नव्याने झालेले बहुतेक बदल वडिलांच्या शुक्रपेशीतून आलेले असतात. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून बोल लावणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर ऐकवा. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण बोल लावू नका. नव्याने झालेल्या बदलात पुढच्या मुलाचा धोका सहसा १ टक्क्याच्या आसपास धरतात, कारण तो बदल आईवडिलांच्या काही बीजपेशींत लपलेला असू शकतो.

रक्त जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत घ्या, २–३ मिली. हिरव्या टोपीच्या नळीतलं हेपरिन पीसीआरला, म्हणजे लॅबमध्ये डीएनएच्या प्रती काढण्याला, अडथळा करतं. भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा, हिसके देऊ नका. गुठळी झाली की नमुना बाद. २ ते ८ अंशांत ठेवा, पण गोठवू नका आणि जेल पॅकला थेट टेकवू नका. पावसात घाट बंद होतात, वीज जाते, म्हणून शनिवारी नमुना धाडण्यापेक्षा सोमवारी सकाळी घेतलेला बरा.

‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’, म्हणजे आजाराचा की निरुपद्रवी हे अजून न ठरलेला, असं लिहून आलं, तर त्यावरून औषध किंवा गर्भाबाबतचा निर्णय घेऊ नये. भारतीयांचे नमुने जगातल्या माहितीसाठ्यांत तुलनेने कमी आहेत, त्यामुळे आपल्याकडे हा शेरा अधिक वेळा येतो. लॅबकडून कच्च्या डेटाची प्रत मागून ठेवा आणि दोनेक वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासून घ्या. नवीन रक्त काढावं लागत नाही.