आगळाच्या पिंपाला तोटी

गेल्या वर्षी आमच्याकडे चाळीस लिटर आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, झालं आणि जुलैत ते सगळं मी परसात खड्डा काढून ओतून दिलं. कळकलं होतं. रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडण्यापासून गाळण्यापर्यंत दोन आठवडे आम्ही तिघं त्यात होतो. ते ओतताना मला रडू आलं.

आधी सगळं चिनी मातीच्या बरण्यांत असायचं. भरलेली बरणी उचलून बाटलीत ओतायची तर माझं मनगट दुखतं, आणि पळी घालून काढायचं तर पळीला कुठेतरी ओलावा असतोच. मग वर पांढरी साय धरते. म्हणून गेल्या वर्षी प्लॅस्टिकचं पिंप आणलं, हार्डवेअरच्या दुकानातून चांगली जड पितळी तोटी घेतली आणि बसवली. एक थेंब गळत नव्हता. सहा आठवड्यांनी सोलकढी केली तेव्हा पहिल्याच घोटाला जिभेवर धातूची चव आली. तोटी खोलून पाहिली. पाण्याच्या नळात जिथे पिवळं दिसतं, तिथे आतून ती लालसर झाली होती आणि आट्यांच्या कडेला हिरवं धरलं होतं.

सासूबाईंनी ती हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "तू तांब्याची घागर कशान घासतंस गो?"

सोलांनी, म्हणजे आमसुलांनी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी सोलांनीच घागर लख्ख करते आहे, आणि त्याच फळाच्या रसात पितळ बुडवून ठेवलं! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट आणि मीठ एकत्र आलं की जस्त आधी सुटतं, मागे तांब्याचा लाल सांगाडा उरतो. शिवाय तोट्यांच्या पितळेत कातकाम सोपं जावं म्हणून थोडं शिसंही घातलेलं असतं. ते कळल्यावर ओतून दिल्याचं दुःख राहिलं नाही. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवू नये हे मला माहीत होतं, पण तोटी हेही भांडंच आहे, हे लक्षात आलं नाही.

यंदा पिंपापासूनच नव्याने सुरुवात केली. बाजारात जुनी निळी पिंपं स्वस्त मिळतात, पण आधी त्यात काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं, धुऊन जात नाही. नवं घेतलं, पन्नास लिटरचं, रुंद तोंडाचं. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा होता. तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, खाण्यासाठी चालेल असं सांगत नाही. त्यासाठी आयएस १०१४६ चा, म्हणजे खाण्याच्या वस्तूंसाठीच्या प्लॅस्टिकच्या भारतीय मानकाचा, उल्लेख पाहिला. तोंड रुंदच हवं, कारण नट आतून आवळायचा असतो आणि हात तळापर्यंत गेला पाहिजे. तोटी पॉलीप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची घेतली, अर्ध्या इंची, सोबत सिलिकॉनचे दोन जाड वायसर. साध्या स्टीलची तोटीही पाहिली होती, पण इतक्या खारट रसात त्यालाही बारीक खड्डे पडतात, म्हणून सोडली.

भोक तळापासून दोन इंच वर घेतलं. अगदी खाली पिंपाला गोलाई असते, तिथे वायसर बसत नाही. अर्ध्या इंची आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर, म्हणून ड्रिलला २२ चा होल सॉ, म्हणजे भोक पाडायची गोल करवत, लावला. ड्रिल अगदी हळू चालवायचं, जोरात फिरवलं तर प्लॅस्टिक वितळून कडेला गोळा होतं. भोकाची कड ब्लेडने खरवडून नखाला टोचणार नाही इतकी साफ केली. वायसर एक बाहेरून, एक आतून. आतला महत्त्वाचा, नाहीतर रस भोकाच्या फटीत शिरून बसतो आणि तिथे बुरशी धरते. नट हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा दिला. जास्त आवळला की वायसर चेपून बाहेर सरकतो. सिलिकॉनचा डिंक किंवा एपॉक्सी अजिबात लावलं नाही. या प्लॅस्टिकला ते धड धरत नाही, आणि मला ते रसात नको होतं.

मग पिंप पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवलं. सकाळी कागद कोरडा होता.

रिकामं पिंप आधी स्टुलावर चढवलं, मग आगळ भरलं. मिठामुळे ते पाण्याहून जड होतं, भरल्यावर हलवणं शक्य नाही. काढताना वरचं झाकण सैल करते, नाहीतर धार अडखळते. पहिला अर्धा कप वेगळा काढते, कारण तोटीच्या नळीत तो पडून राहिलेला असतो. तोटीच्या तोंडाला मुंग्या लागू नयेत म्हणून स्वच्छ फडकं बांधून ठेवते. गणपतीनंतर मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांना यंदा अकरा बाटल्या दिल्या, सगळ्या तोटीखाली भरून, मनगटाला त्रास न होता.

तोटीच्या खाली जो दोन इंच गाळ उरेल तो सासूबाईंनी आताच मागून ठेवला आहे, घागर घासायला.