तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला आत एकट्याला कसं जाऊ दिलं?

वहिनीने विचारलं, आईने विचारलं, डोंबिवलीच्या मावशीने तर साखरपुड्याच्या पंगतीत विचारलं. "सतरा वर्षांच्या भाच्याला त्या ओमानच्या गुहेत एकटं सोडलंस कसं?" दीड वर्ष झालं. पोरगा सुखरूप आहे, बारावी झाली, सकाळची फास्ट लोकल पकडून कॉलेजला जातो. तरी प्रश्न संपत नाही, म्हणून एकदाच लिहिते.

मी चौकशी न करता गेले नव्हते. मस्कतहून सूरच्या रस्त्याला तिवी गावाजवळ वादी शाब आहे. अशा घळीत वर डोंगरात कुठेतरी पाऊस पडला तर खाली लख्ख ऊन असतानाही लोंढा येतो, हे मला ठाऊक होतं. हवामान बघूनच आम्ही जानेवारीत गेलो. महामार्गाच्या पुलाखालून होडी, जाऊन-येऊन माणशी एक रियाल. पलीकडे खजूर आणि केळी, त्यांना पाणी नेणारे पाट. तिकडे त्याला फलज म्हणतात. नागावच्या वाडीत माडा-पोफळीला फिरवतात तसंच पाणी, फक्त डोक्यावर गवताची काडी नसलेला उभा कडा. पाऊण तास दगडांवरून चालत गेलो. ते चालणं मला फार आवडलं, आणि त्याबद्दल मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

मग पाणी सुरू होतं. पिशव्या खडकावर ठेवायच्या, बूट पायात ठेवूनच उतरायचं. एकामागून एक डोह, कुठे पाय टेकतात, कुठे नाही. मी एक्केचाळिसाव्या वर्षी पालिकेच्या तलावावर पोहायला शिकले, तो सहाव्या वर्षापासून पोहतो. शेवटच्या डोहाच्या टोकाला कातळात एक फट आहे, डोकं जाईल एवढी. सगळं अंग पाण्यात, चेहरा तेवढा वर, असं सरकत जायचं. आत गुहा, धबधबा आणि वर चढायला दोर.

आधी मी पुढे झाले. दोन हात आत गेले असेन. डावा कान पाण्यात बुडाला, उजवा कातळाला घासला, आणि धबधब्याचा आवाज बाहेरून येतोय की माझ्याच डोक्यात आहे ते कळेना. पायाखाली काही नव्हतं. मी मागे सरकले आणि त्याला म्हणाले, "तू हो पुढे, मी आलेच."

तो गेला. आतून हाक आली, "आत्या, ये गं, इथे उजेड आहे!" मी कातळाची कड बोटांनी धरून होते, नखांत वाळू गेली होती. पुन्हा हाक आली. मी उत्तर दिलं नाही. एक अनोळखी माणूस बाहेर आला, त्याने आत बोट दाखवून मोडक्या इंग्रजीत सांगितलं की तो मुलगा तुमची वाट बघतोय. मी मान हलवली आणि तिथेच राहिले. किती वेळ, ते खरंच सांगता येणार नाही.

तो बाहेर आला तेव्हा दोराला हातही न लावता आला होता. काही बोलला नाही. परतताना माझ्या बाजूने, खोल पाण्याच्या अंगाला, माझ्या वेगाने पोहत राहिला.

घरी मी सांगितलं की पायात गोळा आला. गोळा आला नव्हता. २६ जुलैचं कारणही मी मनाशी लावून पाहिलं. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मी कलिन्याहून कुर्ल्यापर्यंत छातीभर पाण्यातून चालले. पण तेव्हा शेजारच्या बाईचं मूल माझ्या खांद्यावर होतं आणि मी घाबरले नव्हते. मग ते कारण कसं पुढे करू?

वहिनी म्हणते, पावसाळ्यात देवकुंडला जायला तूच त्याला नाही म्हणालीस. म्हणाले, आणि आजही म्हणेन. शेवाळ, गर्दी, वरून येणारं पाणी, तिथे माणसं दगावली आहेत. ओमानला तो जाणार हे मला मान्य होतं. त्याला पोहता येतं, आत माणसं होती, पाणी शांत होतं. एवढ्यापुरती मी चुकले असं मला वाटत नाही. रात्री कधी वाटतं, चुकलेच. लोंढा आला असता तर मी त्या फटीतून आत गेले असते का, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण तुम्ही जे विचारत नाही ते सांगते. मला सलतं ते "आलेच". "मी येत नाही, मला भीती वाटते" म्हटलं असतं तर तो दोर चढून, उडी मारून, हसत बाहेर आला असता. मी आलेच म्हटलं म्हणून तो खोल पाण्यात हातपाय मारत, फटीकडे बघत थांबला. वहिनी, एवढं तुला सांगायचं राहिलं होतं.

येत्या जानेवारीत परत जाऊया म्हणतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही.