बारा तासांची पाळी आणि शेवटच्या दोन तासांचा माल

कारखान्यांतली दिवसाची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून आमच्या भांडुपच्या नाक्यावर हाच विषय चालतो. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, लेखी संमतीही लागणार आहे, मग बिघडलं कुठे काका, असं पोरं विचारतात. चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी.

मी उभी हयात फोर्जिंग शॉपमध्ये, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून आकार देणाऱ्या खात्यात काढली, म्हणून सांगतो. भट्टीतून निघणारा बिलेट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, बाराशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. चिमट्याने तो डायमध्ये, म्हणजे साच्यात बसवून हॅमरचा ठोका पाडायला काही सेकंदच मिळतात. जरा तिरका बसला की एका बाजूला धातू भरत नाही, पीस रिजेक्ट. उशीर होऊन थंड पडला तर डायवर ताण येतो, तडा जातो आणि डाय बदलेपर्यंत अख्खी लाइन उभी. दमलेल्या माणसाच्या हातून नेमकं हेच होतं. ओव्हरटाइमच्या शेवटच्या दोन तासांत आकडा भरलेला दिसायचा, पण सकाळी इन्स्पेक्शनमध्ये त्यातला बराच माल बाजूला पडायचा. त्यापायी गेलेलं पोलाद, तेल, वीज कुणी त्या दोन तासांच्या खात्यावर लिहिलं नाही.

इंग्लंडात सॅल्फर्डच्या आयर्न वर्क्समध्ये कारखानदार विल्यम मॅथर यांनी १८९३ साली पगार न कापता आठवडा ५३ वरून ४८ तासांवर आणला. न्याहारीआधी, उपाशीपोटी होणारं कामच त्यांनी बंद केलं! वर्षभरात उत्पादन घटलं नाही, वाया जाणारा वेळ मात्र कमी झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने आपल्या शस्त्रकारखान्यांत आणि गोद्यांत ४८ तास लागू केले. आपल्याकडे जमशेदपूरला टाटांनी १९१२ मध्ये आठ तास दिले, तेही पोलादाच्याच धंद्यात.

भट्टी बंद ठेवता येत नाही, आठ तास म्हणजे दोनाऐवजी तीन पाळ्या आणि जास्त माणसं, हे मान्य. खर्च वाढतोच. पण बदलापूर-टिटवाळ्याहून लोकलने लटकत येणारा माणूस बारा तास हॅमरपुढे उभा राहून घरी किती वाजता पोचणार, झोपणार कधी? तीन दिवसांची सुट्टी चौथ्या दिवशीच्या अकराव्या तासाला उपयोगी पडत नाही.

व्यवस्थापनाने आधी महिनाभर तासवार रिजेक्शन लिहून काढावं, युनियनपुढे ठेवावं. संमतीचा कागद त्यानंतर पुढे करावा.