खुलासा करावा

दुपारचे अडीच. जिनिंगच्या ऑफिसात पंखा गरम हवाच फिरवून राहिला होता. बाहेर काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. मॅनेजर साहेब माझ्यापासून दोन टेबलं पलीकडं बसतात, मधात फक्त पाण्याची कॅन. तिथून त्यांचा मेल आला: 'कालच्या पावत्यांत वजनाचा फरक दिसतो. खुलासा करावा.'

मान वर करून पाहिलं, तर साहेब स्क्रीनमध्ये डोकं घालून.

'काहून रे, वजन चुकलं का?' एवढं म्हटलं असतं, तर 'हो साहेब, एक पावती दोनदा चढली' म्हणून मी मोकळा झालो असतो. 'खुलासा' वाचला की पोटात गोळा येतो.

आमच्याकडे चांगलं ते तोंडीच यायचं. लग्नाचं चूलबंद आवतन, म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं, दारात उभं राहून द्यायचे. कागद आणायचा तो कोतवाल, आणि तो दिसला की बाबा आधी पायात चपला घालायचे. पोस्टकार्ड आलं की आजी ते माझ्या हातात देत नसे. तिला वाचता येत नव्हतं, पण ती चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवून पाही. कोपरा फाटलेला म्हणजे कोणीतरी गेलं. चारही शाबूत असले की म्हणायची, "वाच आता." तार आली तर तेवढाही धीर नाही, फोडायच्या आधीच रडारड. 2013च्या जुलैत तारसेवा बंद झाली, तेव्हा आजी नव्हती. असती तर म्हणाली असती, "गेली एकदाची पीडा!"

मेलावर सीसी होतं, हेड ऑफिसला. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. बाबांच्या पावतीबुकातला कार्बन लावला की बोटं निळी व्हायची आणि आई ओरडायची. आता बोटं स्वच्छ राहतात.

पण साहेबांनाच काय बोलू? गेल्या हंगामात त्यांनी तोंडी सांगितलेलं मी ऐकलं, ते विसरले, आणि बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून सुट्टीसुद्धा मी मेलावरच मागतो.

मग खुलासा लिहिला. पाच ओळी, तीनदा खोडून. पाठवला आणि सवयीनं ओरडलो, "साहेब, मेल टाकला!"

"काय लिहिलं बाप्पा? नेट गेलं इथचं."

"एक पावती दोनदा चढली, साहेब."

"मंग ठीक हाये. चहा सांग दोन."