उशिरा हलणारी भिंत

मी हृदयाचे सीटी-एमआरआय वाचणारी रेडिओलॉजिस्ट. शिरांतून नळ्या घालून हृदयाची कामं करतात त्या कॅथलॅबमध्ये एरवी माझं काही काम नसतं. पण त्या दिवशी लेड एप्रन चढवून आत उभी होते, कारण आदल्या रात्री पेसमेकर बसवणाऱ्या आमच्या सरांशी माझा वाद झाला होता आणि तो मिटला नव्हता.

पेशंट काटोलकडचे, संत्र्याचा बगीचा असलेले काकाजी. काही वर्षांपूर्वी आलेला अटॅक त्यांनी गॅस समजून सोडा पिऊन काढला होता. आमच्याकडे आले तेव्हा पंपिंग २८ टक्के, ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक, क्यूआरएस, म्हणजे विजेची लाट खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, १६२ मिलिसेकंद. हृदयाचा उजवा भाग आधी आकुंचन पावतो, डावी बाहेरची भिंत मागाहून. दोघांना एकाच वेळी चालवणारा पेसमेकर म्हणजे सीआरटी. सरांनी त्यांना बैलजोडीचं उदाहरण देऊन समजावलं. शेतकरी असोत की शिक्षक, सगळ्यांना ते तेच देतात. काकाजी लगेच म्हणाले, "मंग त्या मागच्या बैलाले कुठं टोचाचं, हे कम्प्युटर सांगते काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. डावी लीड, म्हणजे पेसमेकरची डाव्या बाजूची तार, हृदयाच्या आत नाही, बाहेरून बसते. कोरोनरी सायनस या हृदयाच्या मुख्य शिरेतून मागे जाऊन एखाद्या शिरेत सरकवायची. शीर जिथं नेईल तिथंच जाता येतं. सीआरटी बसवलेल्या साधारण एक तृतीयांश पेशंटना हवा तसा फायदा होत नाही, आणि लीडची जागा चुकणं हे त्याचं एक कारण. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या 'टार्गेट' चाचणीत इकोवर सर्वांत उशिरा हलणारी भिंत शोधून लीड तिथं नेली, तेव्हा ७० टक्के पेशंटना फायदा झाला. नेहमीच्या पद्धतीनं ५५ टक्क्यांना.

आम्ही ज्या संशोधन-प्रकल्पात आहोत, त्याचा प्रोग्राम हेच काम मशीन लर्निंगनं करतो. सीटीवरून शिरा, एमआरआयवरून भिंतींची हालचाल आणि स्कार, म्हणजे अटॅकनं मेलेल्या स्नायूचा व्रण. मग डाव्या कप्प्याच्या १७ भागांना क्रमांक. काकाजींच्या नकाशात पहिला क्रमांक आला मागच्या-बाजूच्या भिंतीच्या मधल्या भागाला, आणि तिथंच एक ऐसपैस शीर. सर खूश. "एवढी चांगली शीर आहे, अर्ध्या तासात मोकळे होऊ."

मला ती भिंत पातळ वाटली. गॅडोलिनियम हे एमआरआयचं औषध शिरेतून दिल्यानंतर दहाएक मिनिटांनी काढलेल्या चित्रांत जिवंत स्नायू काळा दिसतो आणि स्कार पांढरा. अडचण ही की कप्प्यातलं रक्तही पांढरटच दिसतं. अटॅकचा स्कार आतल्या थरापासून सुरू होतो, म्हणजे रक्ताला चिकटून. प्रोग्रामनं तिथं भिंतीची आतली रेघ बाहेर सरकवून स्कारची पट्टी चक्क रक्तात जमा केली होती! राहिलेली भिंत त्याच्या हिशेबी बारीक, पण धडधाकट. मी हलती चित्रं शेजारी लावली, कारण त्यांत आतली कड स्वच्छ दिसते, आणि माऊसनं एकेक स्लाइसवर रेघ परत ओढली. स्कार अर्ध्याहून जास्त जाडीचा निघाला. पुन्हा चालवल्यावर पहिला क्रमांक वर, पुढच्या-बाजूच्या भिंतीकडे गेला. तिथली शीर मात्र बारीक आणि तोंडाशीच वळलेली.

उशिरा हलणारी भिंत आणि स्वतः न हलता शेजारच्यांबरोबर ओढली जाणारी भिंत, हालचालीच्या आलेखात दोन्ही सारख्याच दिसतात. सर म्हणाले, "मोठी शीर वाटेतच आहे, आधी तिथं मोजू." मला ते मान्य होतं. मोजण्याला नाही कोण म्हणेल?

फुगा फुगवून डाय सोडला, शिरा उमटल्या, सीटीतल्यासारख्याच. मोठ्या शिरेत लीड सहज गेली. क्यूआरएस सुरू झाल्यापासून तिथं विजेची लाट पोचायला १४० मिलिसेकंद लागत होते. पंच्याण्णवच्या वर असलं की जागा चांगली धरतात, म्हणजे आकडा सरांच्या बाजूचा. पण पेस करायला, म्हणजे झटका देऊन ठोका पाडायला, साडेचार व्होल्ट लागले, आणि तिथून पेस केल्यावर क्यूआरएस आटोपशीर व्हायच्या ऐवजी आणखी रुंद झाला. लाट स्कारमधून रखडत बाहेर पडत होती. सर नुसते "हं" म्हणाले आणि लीड मागे घेतली.

बारीक शिरेनं घाम काढला. वायर दोनदा निसटून मुख्य शिरेत परतली. शेवटी वाकड्या टोकाचा आतला कॅथेटर मागवला. लीड बसली. वेळ ११२, पेस करायला लागणारा कमीत कमी जोर, म्हणजे थ्रेशोल्ड, सव्वा व्होल्ट. मग जास्त व्होल्टवर तपासलं, तर हिरव्या कापडाखालून आवाज आला, "पोट उडून राह्यलं न जी!" काकाजी जागेच होते, फक्त जागा बधिर केलेली. डायाफ्रामची नस शेजारून जाते, तिला झटके बसत होते. लीडला चार इलेक्ट्रोड असल्यामुळे हलवायची गरज पडली नाही. वरच्या जोडीवर पेसिंग घेतलं आणि पोट शांत झालं. दोन्ही बाजू एकत्र पेस केल्यावर क्यूआरएस १३६.

बाहेर काकाजींच्या मुलाला मी स्कारचं चित्र दाखवलं. वॉर्डात गेल्यावर त्यानं ते वडिलांना सांगितलं असावं, कारण संध्याकाळी राउंडला काकाजी मला म्हणाले, "मॅडम, चामडी बधिर झाली तिथं टोचून काय फायदा, हे तर मलेही समजते."

दुरुस्त केलेल्या रेघा मी प्रकल्पाच्या टीमला पाठवल्या आणि विचारलं की प्रोग्रामला शिकवण्यासाठी वापरलेल्या पेशंटमध्ये अटॅक येऊन गेलेले किती होते. उत्तर आलं: कमीच. विदर्भातून आमच्याकडे येणाऱ्यांत तर तेच जास्त. पुढच्या खेपेसाठी आमचे स्कॅन, नावं काढून, त्यांत जाणार आहेत. तोवर प्रत्येक नकाशाची आतली रेघ मी स्वतः तपासते, मगच तो सरांकडे जातो.

सरांशी आता भांडण वेगळंच आहे. पेसमेकर बसवायच्या आधी पेशंटना एमआरआयला पाठवा, असं मी सांगून थकले. पेसमेकरची डबी छातीत डावीकडे बसते आणि तिच्या धातूमुळे नेमक्या हव्या त्या भिंतींवर काळा डाग पडतो. तरी महिन्यात एखादा पेशंट "नंतर बघू" म्हणत तसाच टेबलावर जातो.